पडकीं घरें आणि म्युनिसिपालिटीचें कर्तव्य

मृग नक्षत्र जवळ आलें कीं आमच्या मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांस जुन्या घरांची आठवण होते. मुंबईस धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते; पुण्यास पेठांतील वाड्यांच्या दरवाज्यांवर नोटिसा चिकटविल्या जातात. घर तात्काळ रिकामें करावें, न केल्यास होणाऱ्या परिणामास घरमालक व भाडेकरू जबाबदार राहतील, असा त्यांतील मजकूर असतो. वैशाखांत चिकटविलेला हा कागद आषाढांतल्या पावसानें गळून पडतो आणि एखादे रात्रीं त्याच्या मागोमाग भिंतहि पडते. मग अग्निशामक दलाचे लोक ढिगारा उपसतात, पुढारी भेट देऊन जातात, मृतांच्या वारसांस मदत जाहीर होते, चौकशी नेमली जाते, आणि दसरा उजाडेपर्यंत सर्व कांहीं विसरलें जातें. हा क्रम इतक्या वर्षांचा झाला आहे कीं, ही दैवी आपत्ति आहे असें मानण्याची लोकांस संवय लागली आहे. आमच्या मतें ही आपत्ति दैवी नाहीं. ती मनुष्यांच्या हयगयीनें ओढवलेली आहे. ती हयगय कोणाची व किती, याचा हिशेब मांडणें हा आजच्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कायद्याचें पाहूं. अशा प्रसंगीं कित्येक लोक नवा व कडक कायदा हवा असें म्हणतात. परंतु कायद्याची उणीव आहे असें आम्हांस दिसत नाहीं. सर फिरोजशहा मेहता यांचा ज्याच्या घडणींत मोठा हात होता, तो मुंबईचा १८८८ चा म्युनिसिपल कायदा आजहि चालू आहे. त्याच्या ३५४ व्या कलमानें मोडकळीस आलेली, अथवा राहणारांस व येणाराजाणारांस धोक्याची झालेली इमारत पाडावयास, दुरुस्त करावयास वा सुरक्षित करावयास लावण्याचा अधिकार कमिशनरास दिला आहे. ३७७ व्या कलमांत हयगयीनें टाकून दिलेल्या जागांचा विचार आहे. रान माजलेली, घाणीनें भरलेली, कुंपण नसल्यामुळें लोक जेथें शौचास बसतात अशी, किंवा अन्य रीतीनें शेजाऱ्यांस उपद्रव देणारी जागा साफ करावी वा बंदिस्त करावी, असें तिच्या मालकास अगर वहिवाटदारास फर्मावितां येतें. मनुष्यवस्तीस अयोग्य झालेल्या घराचा वापर बंद करण्याचीं व उपद्रवी डबकीं बुजविण्याचीं कलमेंहि त्यांत आहेत. पुणें, नाशिक, सोलापूर इत्यादि शहरांस लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यांत याच धर्तीच्या तरतुदी आहेत. मालकानें नोटिशीप्रमाणें काम न केल्यास म्युनिसिपालिटीनें तें स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करावा, ही सोयहि कायद्यानें केलेली आहे. पुढें तीस वर्षांहून जुन्या इमारतींची जाणत्या इंजिनियराकडून तपासणी करवून घेण्याचें बंधनहि घालण्यांत आलें. इतकें असून माणसें ढिगाऱ्याखालीं सांपडतात, याचें कारण हें कीं, कायद्यानें ज्या नोटिशीस कामाचा आरंभ मानलें आहे तिलाच आमच्या कचेऱ्या कामाचा शेवट मानतात. नोटीस दिली म्हणजे अधिकाऱ्याची मान मोकळी झाली. घर मात्र होतें तेथेंच व होतें तसेंच राहतें.

आतां घर तसें कां राहतें, हें पाहिलें पाहिजे. घरमालकाची बाजू प्रथम घेऊं. युद्धकाळांत घरांची टंचाई पडून भाडीं भडकूं नयेत म्हणून निर्बंध आले व १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या मानावर बांधून टाकलीं. गिरणीकामगार, कारकून व लहान दुकानदार यांस त्या कायद्यानें मोठा आधार दिला, हें कोणीहि प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाहीं. परंतु कांहीं वर्षांपुरता घातलेला बांध पन्नास वर्षें तसाच राहिला. चुना, विटा, सागवान व मजुरी यांचे दर अनेक पटींनीं वाढले आणि भाडें जागच्या जागीं राहिलें. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, काळाच्या ओघांत हें गोठलेलें भाडें अन्यायाचें झालें आहे, असें स्पष्ट म्हटलें. त्यानंतर आलेला १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला व त्यानें दरसाल शेंकडा ४ वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेंच चाळीस-पन्नास रुपये असेल तेथें या वाढीनें तें पंचवीस वर्षांत तिप्पटहि होत नाहीं. एका तुळईची किंमत त्यांतून निघत नाहीं. घर नीट राखण्याचें कर्तव्य कायद्यानें मालकावरच ठेविलें आहे. त्यानें तें न केल्यास भाडेकरूनें दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करून घ्यावा अशी सवलत आहे खरी. पण तीहि वर्षाच्या भाड्याच्या एका ठराविक हिश्शापुरतीच, म्हणून अशा घरांत तिचा उपयोग नांवाचाच.

येथपर्यंत मालकाविषयीं सहानुभूति वाटणें योग्य आहे. परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. शहराच्या मध्यवस्तींतील जमिनीस आज सोन्याचा भाव आला आहे, आणि घर उभें असण्यापेक्षां पडलेलें असणें मालकास अधिक किफायतीचें झालें आहे. पुण्याच्या पेठेंत काय किंवा गिरगांवांत काय, ज्याच्या वाड्याचें छप्पर गळतें तो कौलें चाळीत नाहीं, गळूं देतो. कडीपाटास वाळवी लागली तर लागूं देतो. भाडेकरू कंटाळून जातील अथवा म्युनिसिपालिटीच ‘धोकादायक’ असा शेरा मारील, याची तो वाट पाहतो. दारिद्र्यानें झालेली हयगय निराळी आणि फायद्यासाठीं केलेली हयगय निराळी. पहिलीस मदत पाहिजे, दुसरीस दंड पाहिजे. आमची नोटीस मात्र दोघांस एकाच नमुन्याची जाते.

तिसरा एक प्रकार आहे व तो आमच्या समाजांत फार आढळतो. आजोबांनीं वाडा बांधला. आज त्यास वीस-पंचवीस वारस आहेत. एक पुण्यास, एक इंदुरास, दोघे अमेरिकेंत, आणि उरलेले एकमेकांविरुद्ध कोर्टांत. भिंत कलली आहे हें सर्वांस ठाऊक असतें, पण तिला टेकू देण्याचा खर्च आपण केला तर तो बाकीच्यांकडून मिळणार नाहीं, हेंहि सर्वांस ठाऊक असतें. भागीचें घोडें किवणानें मेलें, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं उगीच केली नाहीं. हिश्शासाठीं तीस वर्षें भांडणाऱ्या या वारसांस त्या भिंतीखालून रोज शाळेस जाणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाची आठवण होत नाहीं, ही आम्हांस मोठी लज्जेची गोष्ट वाटते.

आतां भाडेकरूकडे वळूं. घर पडेल असें दिसत असतां लोक त्यांत राहतातच कां, असा प्रश्न सुखवस्तु लोक विचारतात. उत्तर साधें आहे: बाहेर पडलों तर परत येतां येईल अशी त्यांची खात्री नसते. संक्रमण शिबिरांत कांहीं महिन्यांसाठीं म्हणून गेलेलीं कुटुंबें तेथेंच म्हातारीं झालीं, हें मुंबईच्या प्रत्येक चाळींत माहीत आहे. शिबीर दूर पडतें. मुलांची शाळा सुटते. घरीं डबे करून देणाऱ्या वा शिवणकाम करणाऱ्या बाईचीं गिऱ्हाइकें तुटतात. भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं कोसळली व ३३ माणसें गेलीं. ती धोकादायक ठरविली जाऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं. कांहीं कुटुंबें निघून गेलीं होतीं, कांहीं राहिलीं होतीं. जीं राहिलीं त्यांस मरणाची भीति कमी होती असें नव्हे. बेघर होण्याची भीति अधिक होती. वास्तविक म्युनिसिपालिटीनें घर पाडल्यामुळें भाडेकरूचा हक्क नाहींसा होत नाहीं, असा स्पष्ट निवाडा सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला आहे, आणि तो खटला आमच्या महाराष्ट्रांतल्याच, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनें पाडलेल्या इमारतीसंबंधींचा होता. पण दिल्लींतला निवाडा चाळीच्या खोलींत पोंचवावा कोणी? दारावर चिकटविलेल्या नोटिशींत ‘घर सोडा’ एवढेंच असतें. ‘तुमचा हक्क कायम आहे’ हें वाक्य घालण्यास कागद अपुरा पडतो काय?

म्युनिसिपालिट्या व सरकार यांचा वांटा यांत कोणाहून कमी नाहीं. १९६९ सालीं मुंबईच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं स्वतंत्र कायदा होऊन मंडळ स्थापन झालें व उपकर बसविण्यांत आला. एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्या वेळीं त्याच्या कक्षेंत आल्या. मंडळानें कामें केलीं. तीं केलीं नसतीं तर आणखी किती घरें बसलीं असतीं कोण जाणे. पण खर्चाला मर्यादा असल्यामुळें दुरुस्ती पुष्कळ ठिकाणीं टेकू लावण्यापलीकडे गेली नाहीं, आणि जबाबदारी मात्र वांटली गेली. १६ जुलै २०१९ रोजीं डोंगरीस इमारत पडली तेव्हां, कोसळलेला भाग कोणत्या संस्थेच्या कक्षेंतला, याचीच चर्चा आधीं सुरू झाली. बरोबर एका वर्षानें, १६ जुलै २०२० रोजीं, फोर्टांतील भानुशाली इमारतीचा भाग पडून दहा माणसें गेलीं. मालकाकडे बोट दाखवावें तर डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मार्केटची इमारत कोणाची होती? खुद्द मुंबई म्युनिसिपालिटीची. तींत राहणारे कोण? म्युनिसिपालिटीचेच नोकर व त्यांचीं मुलेंबाळें. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळीं ती बसली व ६१ जीव गेले. ती कांहीं शंभर वर्षांची म्हातारी इमारतहि नव्हती. जी संस्था दुसऱ्याच्या दारावर नोटीस चिकटविते तिनें आपल्या दाराची आधीं पाहणी करावी, हें सांगण्यास याहून कठोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. पैसा नाहीं, ही सबब न्यायालयापुढें टिकत नाहीं, हें रतलामच्या म्युनिसिपालिटीस १९८० सालींच कळून चुकलें आहे. उघड्या गटारांच्या दुर्गंधीविषयीं तेथील रहिवाशांनीं केलेल्या फिर्यादींत, आर्थिक अडचण हें कर्तव्य टाळण्याचें कारण होऊं शकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें.

घर पडलें म्हणजे वर्तमानपत्रांत बातमी येते. पण न पडतांहि घरें व जागा शेजाऱ्यांचे प्राण घेऊं शकतात. कुलूप लावून ठेवलेला वाडा, गच्चीवरील उघडी टांकी, बांधकाम अर्धें टाकलेल्या प्लॉटांतील पाणी, झुडपांनीं भरलेलें परसूं, ही डांसांचीं व उंदरांचीं आश्रयस्थानें आहेत. डेंग्यूचा डांस स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत वाढतो, आणि त्यास मालकीहक्काची हद्द समजत नाहीं. याबाबतींत मुंबईचाच जुना दाखला घेण्याजोगा आहे. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं आपल्या अहवालांत, घरोघरच्या विहिरींत वाढणारे ॲनॉफिलीस जातीचे डांस मुंबईंतील मलेरियाचें मोठें कारण असल्याचें दाखविलें. विहिरी बुजविण्याचा वा झांकण्याचा आग्रह सुरू होतांच धार्मिक कारणांवरून मोठी हरकत निघाली. तेव्हां विहीर नीट झांकावी, पण धर्मकृत्यापुरतें पाणी काढण्यास झडपेचें तोंड ठेवावें, अशी तडजोड निघाली. लोकांची अडचण समजून घेऊन केलेला नियम लोकांच्या गळीं उतरविणें सोपें जातें, एवढा बोध यांतून घेण्यास हरकत नाहीं.

याच्या उलट अनुभवहि आमच्या पदरीं आहे, व तो विसरून आम्ही म्युनिसिपालिटीच्या हातीं आंधळेपणानें अधिकार द्या असें म्हणणार नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या निमित्तानें रँडसाहेबांच्या कमिटीनें गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडत्या घेतल्या. हेतु रोग हटविण्याचा होता. पण देवघर आणि माजघर यांचा मुलाहिजा न ठेवल्यामुळें त्या हेतूवर कोणाचा विश्वास राहिला नाहीं, आणि पुढें जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. १८९८ सालीं मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें रोगट वस्त्या पाडल्या व रुंद रस्ते काढले. परंतु पाडलेल्या घरांतील गरिबांस वेळेवर घरें न मिळाल्यामुळें ते शेजारच्या चाळींत कोंबले गेले आणि एका ठिकाणची दाटी दुसऱ्या ठिकाणीं गेली. आजहि, पाडण्यासारखी नसलेली इमारत ‘धोकादायक’ ठरवून भाडेकरूंस बाहेर काढण्याचा डाव टाकला जातो, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. मालकाचा इंजिनियर एक सांगतो, भाडेकरूंचा दुसरें सांगतो. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा इमारतींची वर्गवारी, तपासणी व मतभेद झाल्यास तज्ज्ञ समितीकडून निर्णय, अशी कार्यपद्धति घालून दिली. अधिकार पाहिजे, पण त्यास रीत पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

कोणी म्हणेल, ज्याचें घर त्याचें राज्य. त्यानें तें राखावें वा पडूं द्यावें, इतरांनीं कां बोलावें? हें म्हणणें रानांतल्या एकट्या झोंपडीपुरतें खरें असेल. शहरांत भिंतीस भिंत लागलेली असते, मोरी मोरींत सोडलेली असते. जमिनीची किंमत मालकाच्या पराक्रमानें वाढलेली नसते. भोंवतालच्या वस्तीनें, रस्त्यानें, नळानें व बाजारानें ती वाढविलेली असते. ज्या वस्तीनें त्याची मिळकत मोलाची केली, तिला त्या मिळकतीपासून अपाय होऊं न देणें हें त्याचें ऋण आहे. दंडसंहितेंतहि सार्वजनिक उपद्रव हा गुन्हाच मानला आहे. त्याचा दंड पूर्वीं दोनशें रुपयांपर्यंत होता. २०२३ च्या न्यायसंहितेनें तो एक हजारापर्यंत नेला, आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून चालू झाली. पण कोट्यवधींच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्या मालकास हजार रुपयांचा धाक काय वाटणार?

तेव्हां करावें काय? आमच्या सूचना थोड्या व करण्यासारख्या आहेत. पहिली: दर नोटिशीवर तारीख घातलेली असते, तशी पुढच्या कामाचीहि तारीख असावी. ती टळतांच म्युनिसिपालिटीनें स्वतः दुरुस्ती करून खर्चाचा बोजा मिळकतीवर चढवावा, म्हणजे तें घर विकतांना अथवा बिल्डराशीं करार करतांना तो चुकविल्यावांचून गति राहणार नाहीं. ज्या मालकाची ऐपत खरोखरच नाहीं त्यास हाच खर्च हप्त्यांनीं फेडूं द्यावा. दुसरी: घर रिकामें करविण्यापूर्वीं प्रत्येक भाडेकरूच्या हातीं त्याचें नांव, त्याच्या खोलीचें माप व त्याचा हक्क कायम असल्याची नोंद असलेला सही-शिक्क्याचा कागद पडावा, आणि तात्पुरती जागा शाळा व रोजगार सुटणार नाहीं इतक्या जवळ असावी. हा कागद मिळेल तर निम्मे लोक पोलिसांवांचून बाहेर पडतील, असा आमचा विश्वास आहे. तिसरी: वारसांचा वाद कितीहि चालो, धोक्याच्या दुरुस्तीस सर्वांच्या संमतीची अट नसावी, जो वारस वा भाडेकरू खर्च करील त्यास तो वांटणीच्या वेळीं प्रथम मिळावा. चौथी: धोकादायक व टाकून दिलेल्या जागांची यादी वॉर्डवार, बाराहि महिने लोकांस पाहावयास मिळावी, तींत नोटिशीची तारीख, झालेलें काम व जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा असावा, आणि तिच्या आरंभीं म्युनिसिपालिटीच्या व सरकारच्या स्वतःच्या इमारती असाव्यात. ७४ व्या घटनादुरुस्तीनें वॉर्ड समित्यांची कल्पना पुढें आली. त्या समित्यांस याहून योग्य काम कोणतें?

जुन्या इमारतींच्या मालकानें सहा महिन्यांत पुनर्बांधणीचा प्रस्ताव न दिल्यास ती संधि भाडेकरूंस व शेवटीं सरकारी मंडळास मिळावी, अशा अर्थाची सुधारणा मुंबईपुरती २०२२ सालापासून कायद्यांत झाली आहे. तिची दिशा आम्हांस पसंत आहे. परंतु पुनर्बांधणी हाच एक उपाय अशी जी समजूत पसरत आहे ती घातक होय. प्रत्येक जुनें घर मनोरा होण्यासाठींच जन्मास आलेलें नाहीं. वेळेवर चाळलेलीं कौलें, बदललेला वासा व मोकळी केलेली पन्हळ यांनीं पुष्कळ घरें आणखी पिढीभर सुखानें उभीं राहतील. दुरुस्तीस सवलत नाहीं व पाडण्यास मात्र वाढीव चटईक्षेत्राचें बक्षीस आहे, तोंवर मालकानें दुरुस्ती करावी अशी अपेक्षा धरणें फोल आहे. घरपट्टींत थोडी सूट देऊन, दुरुस्तीच्या परवान्याचे हेलपाटे कमी करून हा तोल सांवरतां येईल.

शेवटीं दोन शब्द आम्हां नागरिकांविषयीं. शेजारचा वाडा कललेला दिसत असतां ‘आपल्यास काय त्याचें’ म्हणून आपण खालून जातों. बंद घरांतून दुर्गंधि येते तेव्हां खिडकी लावून घेतों. स्वतःचें घर झाडून कचरा बोळांत लोटतों. म्युनिसिपालिटी ही आपलीच केलेली संस्था आहे, आणि आपण जितकें तिला विचारूं तितकीच ती जागी राहील. बोळांतल्या चार घरांनीं मिळून लेखी अर्ज करावा, त्याची पोंच घ्यावी, उत्तर न आल्यास वॉर्ड समितींत विचारावें, तेथेंहि दाद न लागल्यास उपद्रव हटविण्यासाठीं मॅजिस्ट्रेटाकडे जावें. रतलामच्या लोकांनीं याहून निराळें कांहीं केलें नव्हतें. पुढचा मृग येण्यापूर्वीं प्रत्येक वॉर्डांतून असे दहा अर्ज गेले, तरी यंदा वाचलेलें प्रत्येक माणूस हा त्या श्रमांचा मोबदला होईल. मृतांच्या वारसांस लाखांची मदत जाहीर करण्यापेक्षां जिवंतांच्या डोक्यावरील तुळई वेळेवर बदलणें स्वस्तहि आहे आणि माणुसकीचेंहि आहे.